आनसाक्काच्या पोटातला अंधार

पेशीघरातली, म्हणजे माणसाच्या पेशी वाढवायच्या प्रयोगशाळेतली, अंधारखोली म्हणजे काय सांगू, दार लागलं की स्वतःचा हात स्वतःला दिसायचा नाही. सकाळचे दहा वाजलेले, बाहेर कोल्हापूरचं ऊन नुसतं चटचटत होतं, आणि आत चार माणसं एकमेकांचा श्वास ऐकत उभी होती. उभी तिघं. चौथी आनसाक्का, ती पोट उघडं टाकून मेजावर आडवी.

"श्वास धरा, मावशी," पेशी वाढवणाऱ्या मोमीन मॅडम म्हणाल्या.

"कवाचा धरलाय. सोडू का आता?"

"सोडा."

पडद्यावर काहीच आलं नाही. मॅडमनी कॅमेरा दोन बोटं सरकवला. पुन्हा काळं. तिसऱ्यांदाही काळं.

दाराजवळ शिरपती उभा होता. आनसाक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, हिनंच त्याला कडेवर वागवून मोठा केला. आणि तिच्या पोटात आठ महिन्यांपूर्वी जे चकाकतं घातलं होतं, ते शिरपतीच्याच हातचं होतं.

तर ते चकाकतं म्हणजे काय, हे आधी सांगायला पाहिजे. शिरपती चौगले हा जातिवंत गुळव्या. म्हणजे काहिलीत उसाचा रस उकळताना नुसत्या वासावरून कधी उतरायचा ते सांगणारा माणूस. शिक्षण चौथी. पण पेशीघराच्या लोकांना असाच माणूस हवा होता. गुळाचं पाणी बंद भांड्यात, नेमक्या आचेवर, गूळ होण्याच्याही पुढं नेलं की त्यात कोळशाचे इतके बारके कण तयार होतात की दहा-पंधरा हजार कण एका रांगेत लावावेत तेव्हा कुठं केसाची जाडी भरते. पेशीघरात त्यांना काजळकण म्हणत. नाव काजळाचं, पण गुण उलटा. त्यांच्यावर एका रंगाचा उजेड टाकला की ते दुसऱ्या रंगाचा उजेड परत देतात, गडद लाल. तळहाताखाली बॅटरी धरली की मांस कसं लाल दिसतं, तसा हा उजेड अंगातून आरपार बाहेर येतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

हे कण जिवंत पेशींना खायला घालायचे. पेशी गपकन गिळतात, मरत नाहीत. मग ज्याचं यकृत बिघडलंय, त्याच्याच चार चांगल्या पेशी काढून, बशीत वाढवून, त्यांना कण चारून, मसुराच्या डाळीएवढं ठिगळ करायचं आणि यकृताला लावायचं. पुढं कॅमेरा धरला की ठिगळ कुठं आहे ते दिसतं. असं बारा जणांना लावलं होतं. अकरा जणांची पोटं अजून निखाऱ्यासारखी चकाकत होती. बारावी आनसाक्का.

मॅडमनी दिवा लावला. पेशीघराचे प्रमुख, हेर्लेकर सर, पडद्याकडं बघतच होते.

"पहिल्या महिन्यात मंद का होईना, होतं," ते म्हणाले. "आता एक ठिपका नाही. आणि सोनोग्राफीत त्याच जागी हा एवढा गोळा." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून लिंबाएवढं दाखवलं. "चकाकत नाही, म्हणजे आपलं नाही. आपलं नाही, तर मग हे कुणाचं वाढतंय?"

सरांनीच पुढं सांगितलं.

"एक तर गाठ आहे. नाही तर कुणीतरी बशीतल्या पेशी बदलल्या. काही असो, आत ठेवता येणार नाही. उद्या नऊला पोट उघडायचं. गोळा काढायचा आणि बाजूचा यकृताचा तुकडाही."

"सर, वय चौसष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "यकृत आधीच अर्धं गेलेलं. तुकडा काढला तर त्या टेबलावरून..." मेजावरची आनसाक्का ऐकतेय हे ध्यानात आलं आणि त्या थांबल्या.

"बोल की पोरी," आनसाक्का पदर सावरत उठली. "उठायची न्हाई म्हण. मला कळतंय."

तिला बाहेर व्हरांड्यात बसवलं, आणि हेर्लेकर सरांनी दार लावून घेतलं. ह्या माणसाचा आवाज कधी चढत नसे, म्हणून भीती जास्त वाटायची.

"कण शिरपतीचे. पेशी तुमच्या, मॅडम. तिसऱ्या कुणाचा हात लागत नाही. म्हणजे घोळ तुमच्या दोघांपैकी एकानं घातलाय. किल्ल्या इथं ठेवा."

दोन किल्ल्या मेजावर पडल्या. शिरपतीनं मॅडमकडं बघितलं, मॅडमनी शिरपतीकडं. चार वर्षं एका डब्यातलं लोणचं खाणारी ही माणसं, पण नजर अशी फिरली की जणू पहिल्यांदाच भेटतायत. शिरपतीला आठवलं, मागं महिनाभर ही बाई जिन्यात जाऊन फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी बोलायची. कुणाशी? एरवी हा प्रश्न त्याच्या मनातही आला नसता. आणि मॅडमनाही काहीतरी आठवत असावं, कारण त्यांनी एकदम विचारलं, "आण्णा, मावशींची कुपी भरली त्या दिवशी तुम्ही दार आतून का लावलं होतं?"

"वारं येत हुतं," शिरपती म्हणाला.

"बंद खोलीत वारं?"

"आधी कण तपासू," सर म्हणाले.

आता शिरपतीची एक सवय होती. एकदा काहीलभर रस शिजवला की त्याला आदण म्हणतात, आणि प्रत्येक आदणातलं थोडं मागं ठेवायचं हा गुळव्याचा रिवाज. उद्या व्यापारी तक्रार घेऊन आला तर दाखवायला. पेशीघरातही तो प्रत्येक आदणाची एक बाटली फळीवर ठेवी. आनसाक्काच्या वेळचं सदतिसावं आदण. सरांनी ती बाटली उजेडाखाली धरली. पडदा असा भडकला की मॅडमनी डोळ्यांवर हात घेतला.

"कण उत्तम आहेत. आठ महिन्यांत कणभर विझलेले नाहीत." सरांनी बाटली खाली ठेवली आणि सावकाश मॅडमकडं वळले. "म्हणजे पेशीच दुसऱ्या."

"सर, अकरा ठिगळं ह्याच हातांनी वाढवलीत."

"म्हणूनच बारावं बदलणं तुम्हाला सोपं."

मॅडमचा चेहरा उतरला. चांगली पंधरा वर्षं ह्या कामात घालवलेली बाई ती. "पूर्ण मापाचे कण दिले होते," ती कशीबशी म्हणाली. "कुपीवर माप लिहिलेलं होतं. मी तेच चारले."

शिरपती खाली मान घालून बाहेर आला.

व्हरांड्यात आनसाक्का पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "काय खायला देत्यात का न्हाई इथं? सकाळपासनं पोटात कावळं वरडाय लागल्यात."

"उद्या आपरेशन हाय आक्का. खायचं न्हाई म्हणत्यात."

"उद्या हाय न्हवं? मग आजची भाकरी कुणाच्या बाची गेली? वर्साखाली भाकरीचा वास आला तर वकायची मी. आता दोन खाते, तिसरीला सून बघती. आनि हे म्हणत्यात आत वंगाळ वाढतंय." तिनं काचेतून आत बघितलं. "मला तर त्या तुज्या सायबाचंच डोळं पिवळं दिसत्यात. त्यानं बघावं की सवताचं पोट."

शिरपतीचं तिकडं लक्ष नव्हतं. तो तिच्या पायाशी बसला. "आक्का, एक चूक झालीय माज्याकडनं."

"मग सांग. पायाशी घुटमळतोस कशाला?"

"तुज्या कुपीत मी निम्मंच घातलं. निम्मं कण, निम्मं नुसतं पाणी. आनि वर माप पुरं लिवलं."

"का रं बाबा?"

आता हे का, ते गुऱ्हाळवाल्यालाच कळावं. बाजारच्या गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काहिलीत पावडर टाकतात. व्यापाऱ्याला रंग पाहिजे. पण घरच्या खाण्याचं आदण वेगळं असतं. त्यात पावडर नाही. ढेप निघते काळपट, कुणी विकत घेणार नाही अशी, पण पोरांच्या ताटात तीच. शिरपतीच्या बापानं, आज्यानं तेच केलं. पेशीघरात सर दरवेळी म्हणायचे, अजून चकाकू दे, अजून दाट कर, चित्र स्पष्ट यायला पाहिजे. बारावी कुपी भरताना शिरपतीला वाटलं, हे चित्र माझ्या बहिणीच्या पोटात कशाला? दार लावलं आणि घरचं आदण केलं. मनात पाप नव्हतं. पण पहिल्या महिन्यात उजेड मंद आला तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

आनसाक्कानं ऐकून घेतलं. मग त्याच्या टकलावर एक चापट दिली, चांगली आवाज येईल अशी.

"आनि त्या पोरीवर आळ येऊ दिलास? मुडद्या, माजं काय व्हायचं ते हुईल. जा आत. आत्ता जा."

गेला. दोघांच्या समोर उभा राहून सगळं बोलला. हेर्लेकर सर खुर्चीतच बसून राहिले. रागावण्यापेक्षा त्यांना जरा बरंच वाटल्यासारखं दिसलं. संशय एका जागी येऊन बसला, की माणसाला बरं वाटतं.

"शिरपती, तू माझ्या रोग्याच्या औषधात पाणी घातलंस. तुझं काय करायचं ते नंतर. पण म्हणून उजेड गेला. आता तरी खरं कळलं."

"मग आपरेशन नगं न्हवं साहेब? निम्मं घातलं म्हणून दिसंना, एवढंच."

"थांबा," मोमीन मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "निम्मं घातलं तर निम्मा उजेड दिसेल. शून्य कसा दिसेल?"

"मंद होता, अजून मंद झाला," सर म्हणाले.

"कण विझत नाहीत. बाटली आत्ताच बघितली. मग गेले कुठं?" मॅडम फळ्यापाशी गेल्या, खडू उचलला. "आण्णा, एका पेशीत आपण साधारण चार हजार कण घालतो. मावशींच्या पेशीत तुम्ही दोन हजार घातलेत. बरोबर? आता समजा, ती पेशी दुभंगली. एकाच्या दोन झाल्या. कण नवे येणार नाहीत. मग?"

"वाटून घेत्याल. हजार, हजार."

"त्या दोघी पुन्हा दुभंगल्या."

"पाचशे, पाचशे."

"लिहीत जाते." अडीचशे, सव्वाशे, साठ, तीस, पंधरा, सात, चार, दोन. खडू थांबला. "दहा वेळा. दहा वेळा दुप्पट झालं तर प्रत्येकीकडं दोन कण उरतात. चमचाभर हळद पेल्यात टाकली तर पिवळी दिसते, विहिरीत टाकली तर? कॅमेऱ्याला हे दिसायचंच नाही. आणि सर, दहा वेळा दुप्पट म्हणजे हजार पट. मसुराची डाळ हजार पट केली तर केवढी होते?"

शिरपतीनं आयुष्यभर मापं डोळ्यांनी घेतली होती. "लिंबाएवढी," तो म्हणाला.

"हा गोळा परका नाही. हे ठिगळच आहे. लागलंय, वाढलंय. ते विझलं म्हणजेच ते जगलं!"

"हा तर्क झाला," सर म्हणाले. पण उठून उभे राहिले.

"सुई घालून बघू. पाच मिनिटांचं काम."

आनसाक्का पुन्हा मेजावर. बारीक सुईनं गोळ्यातल्या शेदोनशे पेशी काढल्या आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. हा सूक्ष्मदर्शक एकेक कण मोजू शकतो. पडद्यावर पेशी आल्या, गुबगुबीत, यकृताच्याच, शेजारी शेजारी शिस्तीत बसलेल्या. गाठीतल्या पेशी वेड्यावाकड्या असतात, तशी एकही नाही. आणि प्रत्येकीत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. दोन. दोन. तीन. एक. दोन. एक पेशी मधोमध चिमटली होती, दुभंगायच्या बेतात. एक ठिपका ह्या बाजूला, एक त्या बाजूला.

"वाटणी चाललीय," आनसाक्का मान वर करून म्हणाली. "माज्या पोटात."

शिरपतीनं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. झालं. उद्याचं टळलं. त्याला वाटलं, आता सगळं मिटलं.

मॅडमना तसं वाटत नव्हतं. त्या फळ्यावरच्या आकड्यांकडं बघत होत्या. "सर, मग बाकीचे अकरा?"

"त्यांचं काय? ती चकाकतायत." सर हसले. "माझंच बघा की." पेशीघरातलं पहिलं ठिगळ त्यांनी स्वतःला लावून घेतलं होतं. तरुणपणी एका रोग्याची सुई टोचून त्यांच्या यकृतात काविळीचा विषाणू घुसला होता, आणि दुसऱ्याच्या अंगावर प्रयोग करण्याआधी आपल्या अंगावर करणारा हा माणूस. त्यांनी आपलं चित्र पडद्यावर आणलं. बरगडीखाली लालभडक ठिपका. "चार वर्षं झाली. पहिल्या दिवशी जेवढा उजेड होता तेवढाच आज. तसूभर कमी नाही."

बोलता बोलता त्यांचा आवाज संपला. स्वतःचंच वाक्य त्यांनी ऐकलं असावं.

"चार वर्षांत एकदाही वाटणी झाली नाही," मॅडम हळूच म्हणाल्या.

"झोपल्या असतील पेशी."

"असतील. पण झोपलेली पेशी एवढी वर्षं टिकत नाही. ती मरते. मेली की यकृतातल्या झाडूपेशी येतात, मेलेलं गिळून टाकतात. कण कोळशाचे, त्यांना पचत नाहीत. मग पोटात घेऊन तिथंच बसतात, वर्षानुवर्षं. कॅमेऱ्याला काय, कुणाच्या पोटातून उजेड येतोय ते कळत नाही."

"मेलेल्याचा उजेड?" शिरपतीनं विचारलं.

"आणि आपण दरवेळी दाट कण घातले, आण्णा. चित्र छान यावं म्हणून. त्या ओझ्यानंच पेशी दुभंगल्या नसतील. तुम्ही निम्मं घातलं, मावशींची पेशी तेवढी हलकी झाली."

"रक्ताच्या तपासणीत कळलं असतं," सर म्हणाले.

पण पेशीघराचा नियम सरांचाच होता. ज्याचं ठिगळ चकाकतंय, त्याला उगाच सुई टोचायची नाही. पहिल्या सहा महिन्यांनंतर अकरा जणांपैकी एकाचंही रक्त कुणी बघितलं नव्हतं. चित्र एवढं सुंदर यायचं की गरजच वाटली नाही.

हेर्लेकर सर खिडकीपाशी गेले. उन्हात त्यांचा चेहरा पहिल्यांदाच नीट दिसला. डोळ्यांचा पांढरा भाग जुन्या कागदासारखा झाला होता. एवढ्या दिवसांत अंधारखोलीत त्यांचे डोळे कुणी बघितलेच नव्हते, एका आनसाक्काशिवाय.

त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि मेजावर आडवे झाले. "घाला सुई."

पुन्हा तोच पडदा. यकृताची एकही गुबगुबीत पेशी नाही. होत्या त्या वेड्यावाकड्या हातापायांच्या झाडूपेशी, आणि प्रत्येकीचं पोट लाल कणांनी गच्च भरलेलं. हजारो. मोजायची गरज नव्हती.

मग सरांनी शर्ट नीट केला, आणि रोजच्या शांत आवाजात बोलायला लागले. "अकरा नाही, दहा फोन करायचे आहेत, मॅडम. आजच सगळ्यांना बोलवा. रक्त घ्या. फोन मीच करतो, माझ्या तोंडून कळू दे." मग विचारलं, "प्रत्येकाचं दुसरं ठिगळ शीतपेटीत राखीव आहे ना? कण न चारलेलं?"

"आहे. तुमचंही आहे."

"मग उद्याची नऊची वेळ रद्द करू नका. यादीतलं नाव तेवढं बदला. तिथं माझं लिहा."

सकाळपासून ह्या माणसाचा शिरपतीला राग येत होता, आता तोही कुठं ठेवावा समजेना. "साहेब, कण किती घालू? निम्मं?"

"निम्म्यानं एक जगली. पाव केलं तर?" सर स्वतःशीच पुटपुटले. मग मान हलवली. "तू काय म्हणतोस, गुळव्या?"

"माजं ऐकाल तर एक बी नगं. घरचं आदण."

"एकही नाही घातला तर कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. कधीच नाही." आयुष्यभर चित्रावर विश्वास ठेवलेला माणूस, पहिल्यांदाच बावरल्यासारखा वाटला. "मग आत ठिगळ जगलं की मेलं, हे मला कळायचं कसं रे?"

मेजाच्या कडेला पाय सोडून बसलेली आनसाक्का लुगड्याचा काष्टा नीट करत होती. तिनं वर न बघताच सांगितलं,

"भूक लागंल तवा कळंल."